नमुना क्रमांक दोनशे बारा

बीजपत्राच्या टोकाला खाच होती. मालननं प्लास्टिकची पट्टी लावून पाहिली, तर ती दोन मिलिमीटरला जराशी कमी भरली. बीजपत्रं दोन, समोरासमोर, पत्त्यांतल्या बदामासारखी, देठाकडं निमुळती. गुलाबाच्या कुंडीत, गुलाबाच्या खोडापासून चार बोटांवर, कुणी न पेरलेलं रोप उगवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं आपलं कुळ सांगून टाकलं होतं. अशी खाच मोहरीला असते, मुळ्याला असते, कोबीला असते. अळीवाच्या बीजपत्राला तीन बोटं फुटतात, म्हणजे हा अळीव नव्हे. तिनं वही काढली आणि लिहिलं : २८ नोव्हेंबर १९९३, पडेगाव, कुंडीत, आपोआप उगवलेलं. नावापुढची जागा तिनं मोकळी ठेवली.

"क्या मालन, फिर नापने बैठी?" घरमालकीण राहतआपा दारातून ओरडल्या. "इत्ता तो मैं मेरे पोट्टों को नै नापी."

"आपा, तुमची मुलं कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक होतं. हे कोण आहे ते मला अजून ठाऊक नाही."

"राई है, और क्या! जरा बडी होने दे, भाजी डालती मैं."

"हात लावू नका हं."

"नै लगाती, बाबा. तेरे से कौन झगडे!"

राहतआपांचं घर दौलताबाद रोडपासून थोडं आत होतं. पुढं त्या आणि त्यांची दोन मुलं राहत. मुलं वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जात, त्यामुळं घरात कुणी ना कुणी सतत झोपलेलं असे. मागची खोली मालनची. एक्केचाळीस वर्षांची, एकटी बाई, एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. बारा वर्षांत तिच्याकडं पाहुणा आल्याचं आपांना फारसं आठवत नव्हतं. संध्याकाळी ती एक वाटी तांदूळ धुवायची. तेवढ्यात तिचं भागायचं.

कुंडीतलं खत मल्हारी धनगराचं. ऑक्टोबरात त्याच्या मेंढ्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर बसल्या होत्या. मालन घमेलं घेऊन गेली, तेव्हा त्यानं विचारलं होतं, "एवढ्यानं काय व्हतंय, बाई? वावर कुठाय तुमचं?"

"वावर नाही. एक कुंडी आहे."

"एका कुंडीपायी माझ्या मेंढ्यांच्या दारात आलात व्हय! न्या, न्या. पैसं नगं. मेंढ्या हसतील मला."

रोप वाढत गेलं. डिसेंबरात पानं कातरली गेली. शेंड्याचा भाग मोठा, खाली दोन्ही बाजूंना लहान लहान तुकडे. चुरडली की उग्र वास यायचा, जिभेला झोंबायचं. मालन रोज कॉलेजातून आल्यावर उंची मोजायची. सत्तावीस सेंटिमीटर, एकतीस, अडतीस. नऊ जानेवारीला पहिलं फूल उमललं.

ती पायरीवर खाली बसली.

चार पाकळ्या, फुलीसारख्या. पिवळ्या म्हणाव्यात तर पिवळ्या नव्हेत. सायीच्या रंगाच्या, आणि प्रत्येक पाकळीवर तपकिरी-जांभळ्या शिरांचं जाळं, शाई फुटलेल्या कागदासारखं. हे फूल तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. इथंच, पडेगावच्या एका बांधावर, सोळा वर्षांपूर्वी.

तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि जिल्ह्यातल्या मोहरी कुळाच्या वनस्पतींवर पीएच.डी. करत होती. सायकलवरून रानोमाळ हिंडायचं, झाड उपटायचं, टीपकागदात दाबायचं, शीटवर चिकटवायचं, क्रमांक घालायचा. त्या बांधावर या झाडाची तीन रोपं होती. असलं फूल आधी न पाहिल्यामुळं तिचा हात थांबला नाही. तिन्ही मुळासकट उपटून तिनं आपले मार्गदर्शक जहागीरदार सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी भिंगातून पाहिलं. "शेंग कुठं आहे?"

"अजून धरली नव्हती, सर."

"मग एक तरी रोप जागेवर ठेवायचं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नसे. "या कुळात फुलं म्हणजे सगळी भावंडं, मालन. चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यातले चार उंच, दोन बुटके. ओळख पटते ती शेंगेवर. अंदाज मलाही आहे. पण अंदाज शीटवर लिहायचा नसतो."

म्हणून नमुना क्रमांक दोनशे बाराच्या शीटवर नावाच्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह पडलं. पुढच्या आठवड्यात ती बांधावर परत गेली, तर बांध नांगरून टाकलेला होता.

आणि मग त्या वर्षीचा जुलै आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, आणि मराठवाडाभर वस्त्या पेटल्या. लासूर स्टेशनपासून आठ मैलांवर मालनचं गाव. तिथली वस्ती जळाली, तिच्यात मालनचं, दाभाड्यांचं, घर जळालं. तिची आई, सगळ्यांची माई, दोन सुनांना आणि नातवंडांना घेऊन नाल्यात लपून बसली होती. मालन त्या वेळी प्रयोगशाळेत टीपकागद बदलत होती. पावसाळ्यात ते रोज बदलावे लागतात. नाहीतर नमुन्यांवर बुरशी चढते. तिला बातमी कळली तिसऱ्या दिवशी.

चार दिवस गावी राहून ती परत आली. सर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "टीपकागद राहिलेत बदलायचे." त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, हे तिला पुढं कळलं. त्या वेळी ती फक्त "बदलते" म्हणाली, आणि बदलले.

ऑगस्टात, ठराव अडल्यावर, वसतिगृहाजवळच्या चहाच्या टपरीवर पाच जणांनी शपथ घेतली. नाव बदलल्याशिवाय या विद्यापीठाची पदवी घ्यायची नाही. पाचांतली सगळ्यांत गप्प मालनच. तिनं फक्त हात पुढं केला.

शपथेला दोन वर्षं होत होती तेव्हा एकाला नोकरीसाठी पदवी लागली. मग दुसऱ्याला. एक बँकेत गेला. एक मुंबईला गेली, ती गेलीच. कुणी कुणाला दोष दिला नाही; पोट प्रत्येकाला होतं. मालन राहिली. प्रबंधाच्या टंकलिखित प्रती तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. अठरा जातींची वर्णनं, त्यांतली सतरा नावानिशी. पहिल्या पानावर विद्यापीठाच्या नावाची ओळ कोरी. नोंदणी मात्र ती दर वर्षी शुल्क भरून जिवंत ठेवायची, आणि दर हिवाळ्यात बांध धुंडाळायची. बांधांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर शेड उभ्या राहिल्या, शेडपुढं कामगारांच्या बसगाड्या लागल्या. झाड पुन्हा दिसलं नाही. आता कुंडीपुढं बसल्यावर तिला उमगलं, की आपण जमिनीत शोधत राहिलो आणि झाड मेंढ्यांबरोबर चालत होतं. कुठूनतरी चरून यायचं, कुठंतरी लेंडीतून पडायचं, पाऊस-थंडी जमली तर उगवायचं.

सर एकदा म्हणाले होते, "एका प्रश्नचिन्हानं प्रबंध अडत नाही. अनिश्चित म्हणून लिही आणि दे."

"आणि नाव, सर?"

सरांनी पुढची शीट ओढली. नामांतराच्या बाजूनं ते कधी बोलले नव्हते, विरोधातही नाही. ते झाडांबद्दल बोलत. पण निवृत्तीनंतरही मार्गदर्शक म्हणून मुदत वाढवून घेण्याचा अर्ज त्यांनी दोनदा केला, आणि दोन्ही वेळा तो एकाच विद्यार्थिनीसाठी होता.

चौदा जानेवारीला नाव आलं. जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं होतं. आपांच्या रेडिओवर बातमी लागली, पडेगावात फटाके वाजले, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली. आपा तिळाचा लाडू घेऊन मागच्या दारी आल्या. "मुबारक हो, मालन. तेरे लोगां जीत गए."

"हो, आपा."

"तो रोती कायकू?"

"रडत नाही. तिळाची धूळ गेली."

रविवारी तिचा थोरला भाऊ कडुबा आला. क्रांती चौकात गुलाल खेळून आला होता. कानांमागं निळं लागलं होतं. बसायच्या आधीच बोलायला लागला.

"अर्धंच दिलं म्हनत्यात लोकं. म्या म्हनलं, अर्धं तर अर्धं, पर आपल्या नावाची पाटी लागली का नाय? चहा ठिव. आन् ऐक, चौदा एप्रिलाला तुला गावात यायचंय. सत्कार हाये तुझा."

"माझा? कशाचा?"

"कशाचा म्हंजी? जयंतीला यंदा गावच्या शिकल्या लेकीचा सत्कार करायचा ठरलंय. पाटी बी रंगवून झाली. डॉक्टर मालन दाभाडे. पेंटर 'डॉ'म्होरचं टिंब इसरला व्हता, माईनं त्याला परत बोलावला. तिला वाचता येत नाय, पर टिंब नाय ते कळलं बघ!"

मालननं स्टोव्ह बारीक केला. घरी तिनं कधी खोटं सांगितलं नव्हतं. कॉलेजात आहे, झाडांचं शिकवते, एवढंच सांगितलं होतं. बाकीचं त्यांनी सोळा वर्षांत आपापलं जुळवलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "मी डॉक्टर नाही."

"औषधाची नाय, ते ठावं हाये. झाडांची."

"झाडांचीही नाही. मी प्रबंध दिलाच नाही. नाव बदलेपर्यंत द्यायचा नाही, अशी शपथ घेतली होती आम्ही."

कडुबानं कप खाली ठेवला. बाहेर आपांची कोंबडी कुंडीजवळ उकरत होती. मालननं नकळत उठून तिला हाकललं आणि परत येऊन बसली.

"कुनी सांगितलं व्हतं?" तो म्हणाला. "माईनं? म्या?"

"कुणी नाही."

"मग? आमचं घर जळलं ते काय तू शिकू नये म्हनून? आगं, त्या राखंत बसून माई म्हनली व्हती, मालनची पुस्तकं हितं नव्हती ते लई बरं झालं. घर गेलं, तव्हा माईनं एवढीच एक गोष्ट बरी म्हनली."

मालननं त्याचा कप उचलून मोरीत ठेवला.

"तू शपथ घेतलीस. बरं. लढाया झाल्या, म्या बी मोर्चाला लाठ्या खाल्ल्या, त्याचं काय नाय. पर खरं सांग, ही शपथ नावासाठी व्हती, का त्या दिशी तू तिथं नव्हतीस म्हनून?"

तिनं चहाची गाळणी धुवायला घेतली.

"आता नाव बी आलं," कडुबा उठत म्हणाला. "देनार का नाय?"

"एक झाड राहिलंय ओळखायचं."

"झाड!" तो हसला, आणि मग हसू थांबवून तिच्याकडं पाहत राहिला. "बग बाई. पाटी ठिवायची का पुसायची, तेवढं कळव. माईला काय सांगायचं ते मी बघतो."

तो गेल्यावर खोलीत गुलालाचा आणि घामाचा वास बराच वेळ राहिला. तिनं खिडकी उघडली नाही.

फेब्रुवारीत शेंगा धरल्या. खोडाला चिकटून उभ्या, आणि टोकाला चपटी, तलवारीसारखी चोच. रानमुळ्याची शेंग मण्यांच्या माळेसारखी आवळलेली असते. ही तशी नव्हती. खरं तर तिला तेव्हाच कळलं होतं. तरी ती थांबली. शेंग पिकून वाळायला हवी, बी मोजायला हवं. हा नियम होता आणि तिला नियमाचा आधार वाटत होता.

मधेच सरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर आता थोडं हलत होतं. "माझी मुदत ३१ मार्चला संपते. यापुढं वाढ मिळणार नाही. नव्या मार्गदर्शकाकडं सगळं पहिल्यापासून करावं लागेल. बाकी तू जाणतेस." खाली सही. तिनं कार्ड वहीत ठेवलं आणि त्या दिवशीची उंची लिहिली. एकाहत्तर सेंटिमीटर. फुलं संपल्यावर झाड वाढत नाही, हे ठाऊक असूनही ती रोज मोजत होती.

सहा मार्चला तिनं पहिली शेंग उघडली. पांढऱ्या कागदावर, सुईनं. दोन कप्पे, मधे पातळ पडदा; प्रत्येक कप्प्यात बियांच्या दोन रांगा. चोच रिकामी. मोहरीत बियांची एकच रांग असते. म्हणजे संशयाला जागा उरली नाही. उत्तरेकडं तेलासाठी पेरतात तो तारामिरा. ज्याच्या नावासाठी तिनं सोळा हिवाळे बांध तुडवले, ते कुठल्याशा शेतात पोत्यानं पिकणारं पीक होतं.

"मिल गया नाम?" आपांनी विचारलं.

"मिळालं. तारामिरा."

"तारामिरा! लो. वो तो जानवर खाते." आपा हसल्या, आणि तिचं तोंड पाहून जवळ येऊन बसल्या. "बुरा लगा क्या?"

"नाही. बरोबर आहे ते. ओळख बरोबर आहे."

"फिर खुश हो ना."

तिनं मान हलवली. कुणालातरी सांगावंसं वाटत होतं. टपरीवरच्या त्या चौघांपैकी कुणालातरी. त्यांना त्या वेळी दोनशे बारा नंबर पाठ होता, तिची त्यावरून थट्टा करायचे. पण एकाचाही पत्ता तिच्याजवळ नव्हता. बँकेतला कुठल्या शाखेत आहे, हेही ठाऊक नव्हतं. तिनं शीटवरचं प्रश्नचिन्ह खोडलं, नाव शाईनं लिहिलं, सही केली, तारीख घातली. पेटी बंद केली. एक वाटी तांदूळ धुतले.

नंतरचे तेरा दिवस तिनं काहीच केलं नाही. कॉलेजात गेली, मुलांना कांद्याच्या सालीच्या पेशी दाखवल्या, आली. आता नाव आलं होतं, झाड ओळखलं होतं, आणि पेटी होती तिथंच होती. पेटीसमोरून जाताना ती नजर दुसरीकडं वळवायची. कडुबाचं ते वाक्य येऊन बसलं होतं. प्रबंध दिला की त्या जुलैची शिक्षा संपणार होती, आणि शिक्षा संपल्यावर काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लोकांसमोर उभं राहून तोंडी परीक्षा द्यायची. कुणीतरी विचारणारच, इतकी वर्षं कुठं होतात? तिला ते ऐकू यायचं. शिवाय इतकी वर्षं तिच्याजवळ सांगायला एक कारण होतं. एकट्या माणसाला कारणाचीसुद्धा सोबत होते.

चौदाव्या दिवशी, रविवारी, ती समर्थनगरला सरांकडं गेली. काखेत शीट, मोठ्या पाकिटात.

सर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होते. वर्षभरात खूप वाळले होते. सूनबाईनं आतूनच सांगितलं, "मावशी, मोठ्यानं बोला हं. दिवाळीपासून त्यांना ऐकू येत नाही. मशीन लावत नाहीत, कान खाजतो म्हणतात."

मालननं शीट त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी टेबलावरचं भिंग घेतलं. आधी जुना, तपकिरी पडलेला नमुना पाहिला, मग शेजारी चिकटवलेली नवी शेंग. बराच वेळ पाहिलं. दोन रांगा मोजताना त्यांची बोटं कागदावर हलत होती.

"लावलंस?"

"उगवलं, सर. आपोआप."

"काय?"

तिनं मान डोलावली.

"चांगलं केलंस. शेंगेपर्यंत ठेवलंस." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी इतकी वर्षं समजत होतो, की तू माझ्यावर रागावली आहेस. म्हणून देत नाहीस."

"नाही, सर."

"ऐकू येत नाही मला."

"नाही, म्हटलं."

"असो. आता काय राहिलंय?"

तिनं तोंड उघडलं. आवाज आला तो तिचा नेहमीचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंतही न पोचणारा. सरांनी कानामागं हात धरला. आत सूनबाई भांडी घासायची थांबली. फाटकाबाहेर भाजीची गाडी उभी होती, तिच्यापाशी दोन बायका मेथी निवडत होत्या. त्यांनीही वळून पाहिलं. या घरात, या माणसापुढं, मालन कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, मालन."

ती उभी राहिली. पदर खोचला, जसा झाड उपटायला वाकताना खोचायची.

"मी प्रबंध देणार आहे, सर," ती म्हणाली. आणि सरांनी अजून हात काढला नव्हता म्हणून तिनं श्वास घेतला, आणि रस्त्यावरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या देणार आहे!"